तबकडीवरची नावे: मुंबईचा जॅझ आणि शिफारशीचे राजकारण

१

जॅझच्या रसिकांत ‘ऐकायलाच हव्यात’ अशा ध्वनिमुद्रिकांच्या याद्या करण्याची प्रथा जुनी आहे. दरसाल निघणाऱ्या नव्या मुद्रिकांतून काही निवडायच्या आणि त्यांच्या जोडीला मागे पडलेल्या काही जुन्या मुद्रिकांकडे लक्ष वेधायचे, असे या याद्यांचे साधारण स्वरूप असते. समीक्षेच्या प्रांतात त्यांना मानाचे स्थान नाही. तथापि यादी हे मूल्यनिर्णयाचे सर्वांत उघड आणि तरीही सर्वांत कमी तपासले गेलेले रूप आहे. वाङ्मयेतिहासकार ज्यासाठी शेकडो पृष्ठे खर्ची घालतो ते काम यादी नुसत्या नामनिर्देशाने उरकते. काय टिकावे आणि काय विसरले जावे याचा निवाडा तीत झालेला असतो. त्यामागील युक्तिवाद मात्र अनुच्चारित राहतो.

हा युक्तिवाद उघड केला तर त्यात तीन गृहीतके सापडतात. संगीताचे एकक म्हणजे ‘आल्बम’, हे पहिले. त्या एककाला एक कर्ता असतो, त्याचे नाव वेष्टनावर छापलेले असते, हे दुसरे. आणि जॅझ कशाला म्हणायचे हे आधीच ठरलेले आहे, हे तिसरे. न्यूयॉर्क वा लंडन येथील मुद्रिकांना ही गृहीतके बव्हंशी लागू पडतात. मुंबईत १९३५ नंतर जे जॅझ वाजले त्याला मात्र यांपैकी एकही धडपणे लागू पडत नाही. म्हणून मुंबईच्या जॅझच्या ‘उपेक्षित’ मुद्रिकांची यादी करायला बसले की प्रश्न निव्वळ अभिरुचीचा राहत नाही. उपेक्षा नेमकी कोणाची आणि कोणत्या यंत्रणेने केली, हा इतिहासाचा प्रश्न पुढे येतो.

‘आल्बम’ ही संज्ञाच या संदर्भात बोलकी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांच्या काळात आल्बम म्हणजे अशा अनेक तबकड्या ठेवण्याची पाकिटांची बांधीव वही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घवादन मुद्रिका बाजारात आणली, आणि त्यानंतरच आल्बम हा एकसंध ‘संहिते’सारखा ऐकण्याचा प्रघात पडला. मुंबईच्या जॅझचा भराचा काळ मात्र तीन मिनिटांच्या तबकडीचा होता. जी वही बांधलीच गेली नाही तिच्यातली पाने शोधावीत, तसे हे काम आहे.

२

१९३५च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्या संचाने ती जागा घेतली. शिकागोत १९२६ साली अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्या सोबतीने ध्वनिमुद्रण केलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही याच सुमारास ताजमध्ये वाजवू लागले. पुढे ते कलकत्त्यास गेले आणि १९४५ साली तेथेच कॉलऱ्याने वारले. स्वतः स्मिथ यांची कारकीर्द जॅझ हा शब्द रूढ होण्यापूर्वीची. न्यूयॉर्कच्या जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदाच्या १९१३-१४ मधील तबकड्यांत त्यांचे कॉर्नेट आहे. थोडक्यात, ताजच्या नृत्यगृहात वाजत होते ते लंडनमार्गे आलेले अनुकरण नव्हते. जॅझच्या घडणीत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता अशी माणसे तेथे वाजवत होती.

‘क्रिकेट स्मिथ अँड हिज सिंफोनियन्स’ या नावाने १९३६ साली ‘ताजमहाल’ या फॉक्सट्रॉटची तबकडी निघाली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास लिहिला तेव्हा त्यास याच तबकडीचे नाव दिले (‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’, २०१२). उपेक्षित मुद्रिकांच्या कोणत्याही यादीचा आरंभ हिच्यापासून व्हावा. तिचे संगीत असामान्य आहे म्हणून नव्हे. नृत्यासाठी बेतलेली ती नीटस रचना आहे, इतकेच. पण ज्या शहरात हे संगीत रात्री वाजून पहाटे विरून जात होते, त्या शहराचा त्या क्षणाचा हा पुरावा आहे.

१९३६ हे वर्ष सिद्धान्तव्यवहारालाही अपरिचित नाही. वॉल्टर बेन्यामिन याचा यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीचा निबंध त्या वर्षी फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. आडोर्नोचा जॅझवरील निबंध टोपणनावाने त्याच वर्षीच्या खंडात आला. आडोर्नोच्या मते जॅझमधील उत्स्फूर्तता हा आभास असून प्रत्यक्षात ती ठरीव साच्यावर चढवलेली सजावट असते, आणि हे सारे संगीत क्रयवस्तू म्हणूनच घडते. तो ऐकत होता ते प्रामुख्याने युरोपीय नृत्यवृंदांचे संगीत, हे ध्यानात घेतले तरी त्याचा आक्षेप ताजच्या नृत्यगृहाला चपखल बसतो, हे मान्य करावे लागेल. संस्थानिक, गोरे अधिकारी आणि धनिक व्यापारी यांच्या करमणुकीचीच ती वस्तू होती.

तथापि आडोर्नोला जे दिसणे शक्य नव्हते ते असे की, वसाहतीच्या शहरात हीच क्रयवस्तू दुसऱ्या कोणासाठी तरी पाठशाळा ठरत होती. कृष्णवर्णीय वादकांच्या शेजारी बसून, पुढे त्यांच्या जागी उभे राहून, गोव्याहून आलेल्या वादकांची एक पिढी तयार झाली. गोव्यातील चर्चच्या पॅरिश शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच शिकवले जाई, आणि मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील गावोगावच्या ‘कुडां’तून ते राहत. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ (१९१६-१९६७) यांनी ‘चिक चॉकलेट’ हे नाव घेतले. त्यांच्या वादनावर आर्मस्ट्राँग यांची छाप इतकी स्पष्ट होती की ‘हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग’ हीच त्यांची ओळख झाली. अनुकरणाची ही पदवी गौरवाची वाटते, पण तिच्यात दुय्यमत्वही अंतर्भूत आहे. मराठी नाटककाराला ‘महाराष्ट्राचा शेक्सपिअर’ म्हणण्याच्या सवयीशी तिचे नाते उघड आहे.

३

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला आणि नृत्यगृहांचे अर्थकारण ढासळले. नृत्यवृंदातील वादकांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग आधीच खुला झाला होता, तो म्हणजे चित्रपटसंगीत. मुंबईच्या जॅझचा इतिहास येथून पुढे हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांत शिरतो, आणि याच ठिकाणी यादी करणाऱ्याची नजर चुकते.

या वळणावरील मध्यवर्ती नाव मराठी आहे. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर (१९१८-१९८२) हे विनायकबुवा पटवर्धनांच्या परंपरेत गाणे शिकलेले. ‘सी. रामचंद्र’ या नावाने त्यांनी ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांना संगीत दिले, तेव्हा चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’त चिक यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. दिग्दर्शक आणि नायक भगवान हे गिरणी कामगाराच्या घरातले. अशा रीतीने पुणतांब्याचा संगीतकार, हळदोण्याचा ट्रंपेटवादक आणि गिरणगावाशी नाते सांगणारा नर्तक-नट यांच्या संयोगातून ही रचना उभी राहिली. ‘शोला जो भडके’ या गीतात बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ आहे. लय लॅटिन अमेरिकी नृत्याकडे झुकणारी, पण गायनाचा लहेजा निखळ देशी.

हे जॅझ आहे काय? कर्मठ उत्तर नकारार्थी येईल. एकल वादकाला विस्तारासाठी अवकाश नाही, सुधारित वादन जवळजवळ नाही. परंतु ‘नाही’ म्हणून हा प्रश्न मिटत नाही. ध्रुवपद आणि अंतऱ्याच्या मध्ये येणाऱ्या आठ-दहा मात्रांच्या वाद्यखंडांत ट्रंपेटचे आघात तालाच्या पुढेमागे सरकतात, सॅक्सोफोनचे थर परस्परांना उत्तरे देतात. ही भाषा ताजमध्ये शिकलेली आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीतील देशीकरणाची प्रक्रिया येथे तपासून पाहण्याजोगी आहे. बाहेरून आलेला प्रकार स्थानिक गरजेने मोडला जातो, त्याचे तुकडे निराळ्या कामाला लागतात, आणि मूळ प्रकाराच्या व्याख्येने पाहणाऱ्याला ते तुकडे दिसेनासे होतात. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गीताच्या निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांत कोंकणी नकाराचे दोन शब्द लपलेले आहेत. वाद्यवृंदातील माणसांच्या भाषेची एवढीच खूण गीताच्या शब्दांत उमटली.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. तबकडीच्या गोल कागदावर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव असे. वाद्यमेळ रचणारा, म्हणजे चाल मिळाल्यावर तिची स्वरलिपी लिहून हार्मनी बांधणारा आणि मधले वाद्यखंड रचणारा ‘अरेंजर’ त्या कागदावर नसे. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांचा वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे या अनाम वर्गातले. गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. त्यांचे नाव घरोघर पोचले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तील विनोदी गीतामुळे, आणि तेही खऱ्या माणसाचे नाव आहे हे बहुतेकांना ठाऊक नसताना. शिष्याने गुरूला दिलेली ही मानवंदना होती. पण कर्त्याचे नाव पात्राच्या नावात विरघळून जाण्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

फूकोने १९६९ साली ‘लेखक’ हे व्यक्तीचे नव्हे तर एका कार्याचे नाव असल्याचे प्रतिपादन केले. संहितांचे वर्गीकरण करणे, त्यांना मालकी व प्रतिष्ठा देणे हे ते कार्य. मराठी समीक्षेत लेखकाच्या मृत्यूची चर्चा बरीच झाली. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांचा इतिहास त्या चर्चेत एक अवघड भर घालतो: ज्यांना कर्तेपण कधी मिळालेच नाही, त्यांच्या बाबतीत कर्त्याच्या मृत्यूची घोषणा काय अर्थाची? ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटसंगीतातील वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ साली सिद्ध केला, तेव्हा कोठे ही नावे अभ्यासाच्या कक्षेत आली.

४

दीर्घवादन मुद्रिकेच्या काळात याद्यांना सोयीचे आल्बम मुंबईशी नाते सांगत निघू लागले. त्यांतील तीन-चार निकडीने ऐकावेत असे आहेत.

‘राग-जॅझ स्टाइल’ (१९६८) ही शंकर-जयकिशन यांच्या नावाने निघालेली मुद्रिका. तीत अकरा राग आहेत. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट आणि लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम आहेत. एका मुद्रिकेत अकरा राग म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. रागाचा विस्तार होत नाही आणि जॅझचाही होत नाही. दोन्ही आपापली ओळखपत्रे दाखवून बाजूला होतात. संगीतदृष्ट्या ही तिची मर्यादा खरी. तिचे ऐतिहासिक मोल निराळे आहे. चित्रपटगीतांमागे वर्षानुवर्षे अनाम राहिलेले वादक येथे गीताचा आडोसा नसताना ऐकू येतात.

हिच्याआधीच, १९६६ साली, लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ निघाली होती. रचना कलकत्त्याचे जॉन मेयर यांची, सॅक्सोफोन जमैकाचे जो हॅरियट यांचा, सतार दिवाण मोतीहार यांची, आणि तबला मुंबईहून गेलेल्या केशव साठे यांचा. साम्राज्याच्या तीन कोपऱ्यांतून आलेली माणसे त्याच्या राजधानीत एकत्र बसली होती. साठे पुढच्या वर्षी ‘जॅझ मीट्स इंडिया’ (१९६७) या जर्मनीत निघालेल्या मुद्रिकेत इरेन श्वाइझर यांच्या त्रयीसोबत वाजवताना ऐकू येतात, आणि दोहोंत श्रेष्ठ आहे ती ही दुसरी. पहिलीत लिखित रचनेचा काच जाणवतो. भारतीय आणि जॅझ वादक आळीपाळीने बोलतात. दुसरीत ते एकमेकांत शिरतात, प्रसंगी एकमेकांना अडवतात. साठे यांचा तबला सतारीला ठेका धरण्यापुरता थांबत नाही, ड्रमच्या मोकळ्या लयीशीही तो जाब-जबाब करतो. मराठी संगीतलेखनात या वादकाला जागा मिळू नये, ही या यादीतील ठळक उपेक्षा होय.

मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांनी ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या १९७१ साली ध्वनिमुद्रित झालेल्या मुद्रिकेत दोन गीते गायली. हिंदुस्तानी तालमीतला स्वरांचा लगाव आणि कोलमन यांची स्वरसंगतीला न जुमानणारी चाल एकत्र आल्यावर काय घडते, हे त्यात ऐकावे. आणि त्रिलोक गुर्टू यांची ‘उसफ्रेट’ (१९८८): तीत त्यांच्या मातोश्री, मूळच्या बेळगावच्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू, डॉन चेरी यांच्यासारख्या मुक्त जॅझच्या प्रवर्तक ट्रंपेटवादकासोबत ऐकू येतात. ‘फ्यूजन’ हा शब्द उच्चारताच जी गोड तडजोड अपेक्षित असते ती येथे नाही. शोभाताई आपले गाणे बदलत नाहीत. भोवतालच्या वाद्यांना त्यामुळे आपली जागा नव्याने शोधावी लागते. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि सॉनी रोलिन्स यांच्यासारखे वादक तेथे येऊन गेले. अशा मैफलींनी घडवलेल्या श्रोत्यांमुळेच या मुद्रिकांना मुंबईत कान मिळाले.

५

येथे एका विसंगतीची नोंद करणे आवश्यक आहे. मराठी साहित्यविचाराला कृष्णवर्णीय अमेरिका अपरिचित नव्हती. किंबहुना भारतीय भाषांत तिची सर्वांत गंभीर दखल मराठीनेच घेतली, आणि त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत अध्ययन करून परतलेले म. ना. वानखेडे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात कृष्णवर्णीय साहित्याकडे लक्ष वेधले, गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्या संवादाला व्यासपीठ दिले, लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृती यांवर ग्रंथलेखन केले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिच्या नावातच तो ऋणनिर्देश होता. त्याही मागे, १९४६ साली, डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

पण ही ओळख मुख्यतः मुद्रित शब्दातून झाली. लँग्स्टन ह्यूज यांची कविता मराठीत वाचली गेली ती निषेधाची कविता म्हणून. ब्लूज आणि जॅझच्या लयीवर ती कशी उभी आहे, याची चर्चा तुलनेने फारच थोडी झाली. लीरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) यांनी ‘ब्लूज पीपल’ (१९६३) मध्ये गुलामीतून नागरिकत्वाकडे गेलेल्या समाजाचा इतिहास त्याच्या संगीतातून लिहिला. तसा प्रयत्न शाहिरी जलसे आणि आंबेडकरी गायनपरंपरा यांच्या आधारे मराठीत करता येतो, ही शक्यता तेव्हा पुरती हाती घेतली गेली नाही. १९३५च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ॲबी यांचा संच मुंबईत उतरला. एकाच प्रांतातील या दोन घटनांची एकमेकींशी गाठ पडली नाही. जॅझ आले ते ताजच्या दाराने, म्हणून ते उच्चभ्रूंचे ठरले; आणि उच्चभ्रूंचे म्हणून विद्रोही साहित्यविचाराने ते ऐकले नाही. धोबीतलावच्या कुडांपासून गोलपिठ्यापर्यंतचे अंतर फार नाही. पण एका बाजूला वाचणारी आणि दुसऱ्या बाजूला वाजवणारी माणसे यांच्यात प्रमाण अभिरुचीची भिंत होती.

६

ही भिंत ताजच्या नृत्यगृहापासून दूर कशी दिसते हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे कडा हे गाव घेता येईल. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा नगर जिल्हा मुंबई प्रांतात. पुणतांबा त्याच शेजारच्या जिल्ह्यातले. अशा गावी जॅझची मुद्रिका पोचण्याचा संभव नव्हता. चित्रपटगीत मात्र तंबूतल्या सिनेमातून, ध्वनिक्षेपकातून, रेडिओतून पोचत होते. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तीही एक यादीच होती, आणि खेडोपाडी पोचली ती हीच. शास्त्रोक्ताच्या कैवाराने केलेली बंदी आणि श्रोत्यांच्या पसंतीने केलेली क्रमवारी यांच्या झगड्यात गोव्याच्या वादकांचे ट्रंपेट कोणाच्याही नकळत गावोगावी जाऊन पोचले. लग्नाच्या वरातीतल्या बँडने तेच वाद्यखंड क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवर उचलले. वरातीपुढे नाचणाऱ्यांच्या पायांत अशा रीतीने न्यू ऑर्लिन्सचा एक अंश आला. त्याला जॅझ म्हणायला कोणी नव्हते, इतकेच.

आज परिस्थिती उलटली आहे. काळा घोड्यावरील ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ साली बंद झाले. तेथील विक्रेत्याची शिफारस हीच अनेकांची पाठशाळा होती. २०२२ साली नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कडा लोहमार्गावर आले. पण संगीत त्याच्याही आधी मोबाइलवरून तेथे पोचले होते. दुर्मीळतेच्या काळात यादी दार उघडत असे. विपुलतेच्या काळात ती दिशा दाखवण्याऐवजी बहुधा सवय घडवते. म्हणून नव्या मुद्रिकांची निवडही जुन्यांच्या प्रकाशात व्हावी. सारथी कोरवार हे पुण्यात तबला शिकलेले ड्रमवादक. त्यांच्या ‘डे टू डे’ (२०१६) मध्ये गुजरातेतील रतनपूरच्या सिद्दी गायकांचे आवाज आहेत. आफ्रिकेतून हिंदी महासागरमार्गे आलेली परंपरा आणि अटलांटिकमार्गे गेलेली परंपरा येथे समोरासमोर येतात; ताजमध्ये जे घडले त्याचे हे दुसरे टोक होय. त्यांच्याच ‘मोर अरायव्हिंग’ (२०१९) मध्ये मुंबईच्या वस्त्यांतील रॅप आहे, आणि १९३५ साली न पडलेली गाठ निदान एका मुद्रिकेपुरती पडते. ‘शक्ती’ची ‘धिस मोमेंट’ (२०२३) कौशल्याने थक्क करते, परंतु तिच्यातील सुसंवाद आधीच सिद्ध झालेला आहे. तिने ग्रॅमी मिळवली, शिफारशीची तिला गरज नाही.

शिफारस करणाऱ्याचे उत्तरदायित्व येथे स्पष्ट होते. यादीत क्रिकेट स्मिथ यांची तबकडी, ‘अलबेला’तील वाद्यखंड, केशव साठे यांचा तबला आणि कोरवार यांचे सिद्दी गायक शेजारी शेजारी आले, तर आल्बम, कर्ता आणि प्रकार या तिन्ही गृहीतकांना धक्का बसतो. तसा तो बसावा. कड्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने ‘शोला जो भडके’ पुन्हा ऐकताना गायकाचे शब्द संपून पुढचे सुरू होईपर्यंतच्या त्या थोड्या मात्रांकडे कान दिला, आणि ते कोणी लिहिले असा प्रश्न विचारला, तर मुंबईच्या जॅझच्या इतिहासलेखनाचे पुढचे काम तेथून सुरू होऊ शकेल.